विद्यापीठाच्या उतारावर सहा बैलगाड्या

पाखऱ्यानं उतारावर गुडघे टेकले तेव्हा माझ्या गाडीत सात पोरी होत्या आणि मागं भरलेल्या पाच गाड्या. पोरांच्या परीक्षेचा पहिला दिवस होता. बैलगाडीला ब्रेक नसतो. उतारावर गाडी बैलच अडवून धरतात. मान वर, पाय रोवलेले, जू शिंगांच्या मुळाशी दाबलेलं. दोघांपैकी एकानं मान खाली घातली की सगळा भार दुसऱ्यावर जातो, आणि भरली गाडी एकट्याला पेलत नाही.

हौशानं पेलायचा प्रयत्न केला. दोन पावलं धरली असतील. मग दांडी सिमेंटच्या रस्त्यावर आपटली, गाडी तिरपी झाली आणि पोरी माझ्या पाठीवरून पुढं आल्या. मी कासरा सोडला नाही. धरून काही उपयोग होता असंही नाही.

मागून गयाबाई ओरडली, "कौसे, बाजूला हो! माझी थांबंनात!"

"कुठं होऊ? उडू का?" मी म्हणाले.

डावीकडं दगडी नाली होती. उजवीकडं संचालक साहेबांच्या बंगल्याचं फाटक होतं, आणि ते उघडं होतं. गयाबाईनं उजवीकडचा कासरा ओढला आणि भरली गाडी घेऊन बंगल्यात शिरली. तिच्या मागच्या चार गाड्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्या तिच्या मागं एकेक करून आत गेल्या, जशा लग्नाच्या पंगतीला जातात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की तुमच्या कामाविषयी लिहा. मी चौथी शिकलेली आहे. माझं काम बैलगाडी हाकायचं. सारा जन्म मी ऊस वाहिला, त्यात सांगण्यासारखं फार नाही. ऊस भरायचा, कारखान्यावर न्यायचा, काट्यावर वजन करायचं, परत यायचं. पण एक उन्हाळा मी विद्यापीठात गाडी चालवली. लोक तेवढंच विचारतात, म्हणून तेवढंच लिहिते.

ते साल दुष्काळाचं होतं. आमच्या चकलांब्याकडच्या विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या होत्या. दरवर्षी आमची माणसं बैलगाड्या घेऊन ऊसतोडीला जायची. त्या वर्षी जे कारखाने चालू झाले त्यांनी सांगितलं, ट्रकवर तोडणारी माणसं आणा, बैल आणू नका, बैलांना घालायला आमच्याकडं काही नाही. गडीमाणसं ट्रकमध्ये बसून गेली. बैल आमच्याजवळ राहिले. माझा नवरा गेला नाही, कारण ऊस भरता भरता त्याची कंबर आधीच गेली होती. तो घरात आडवा पडून मला गाडी कशी हाकायची ते सांगायचा. मी त्याच्यापेक्षा चांगली हाकत होते.

बैल विकायला बाजारात नेले तर घेणारं कुणी नव्हतं. चाऱ्याची सरकारी छावणी लांब होती आणि तिथं आधीच गर्दी होती. आम्हा सहाजणींच्या बारा बैलांपुढं उन्हाळा उभा होता, आणि घरात वाळलेलं चिपाड राहिलं नव्हतं.

आमची एक सहकारी संस्था होती. महिलांची वाहतूक सोसायटी. एका पुढाऱ्याला महिलांची संस्था काढायची होती म्हणून ती निघाली, आणि मग तो पुढारी पक्ष बदलून विसरून गेला. चेअरमन मी होते, कारण बाकीच्यांपैकी कुणी पाटी वाचू शकत नव्हतं. संस्थेकडं एक शिक्का होता आणि काम नव्हतं.

तेवढ्यात बीडजवळच्या माळावर जे विद्यापीठाचं आवार आहे तिथून बोलावणं आलं. आवार म्हणजे काय, सगळं एकमेकांपासून लांब. फाटकापासून वसतिगृह लांब, वसतिगृहापासून वर्ग लांब, आणि मध्ये झाड नाही. ज्यानं बांधलं त्याला जागा फुकट मिळाली असावी. पोरं मोटारसायकली पळवायची, पडायची, धूर करायची. तिथं साबळे मॅडम नावाच्या बाई आल्या होत्या. रस्ते आणि वाहनं कशी असावीत याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. वय पस्तिशीच्या आत, पायात बूट, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. त्यांनी आवाराचा शाश्वत वाहतूक आराखडा केला होता.

मी विचारलं, "शाश्वत म्हंजी काय ओ?"

"जे पुढंही चालू राहील ते," मॅडम म्हणाल्या.

"बैल चारा हाय तवर चालू राहील."

"तेच तर. आमच्या शेतीखात्याकडं मागच्या सालच्या कडब्याची गंज पडून आहे. तुम्ही पोरं वाहा, आम्ही बैल सांभाळतो. पावसाळ्यापर्यंत."

चारा, पाणी, राहायला गोठा आणि वर थोडी मजुरी. मी शिक्का मारला. बारा बैलांचा उन्हाळा त्या शिक्क्यावर होता, हे मला कळत होतं आणि मॅडमलाही कळत होतं. म्हणून आम्ही दोघींनी जास्त बोलणं केलं नाही.

मॅडमनी मोटारसायकली फाटकावर थांबवल्या आणि आमच्या गाड्यांचं वेळापत्रक केलं. दर पंधरा मिनिटांनी एक गाडी. कागदावर ते छान दिसत होतं. पहिल्या दिवशी मी वेळेवर निघाले. पंधरा मिनिटांनी गयाबाईनं तिच्या बैलांना हाक घातली. बैल हलले नाहीत. तिनं शेपट्या पिरगळल्या. बैल उभेच. माझी गाडी फेरी करून परत आली आणि पुन्हा निघाली, तेव्हा तिचे बैल निघाले, आणि त्यांच्या मागं राहिलेल्या चारही गाड्या.

ऊस वाहणाऱ्या बैलांचं हे असंच असतं. कारखान्याच्या वाटेवर गाड्यांची रांग असते. पहिला गाडीवान जागा असतो, बाकीचे उसावर झोपतात. बैल पुढच्या गाडीच्या मागं चालत राहतात. पुढची थांबली की थांबतात, वळली की वळतात. वर्षानुवर्षं आम्हीच त्यांना ते शिकवलेलं. आता त्यांना म्हणायचं की एकटे जा, तर त्यांना वाटतं आपलं काहीतरी चुकतंय.

आठवडाभर हेच. तासभर एकही गाडी नाही, मग सहा गाड्या एकदम. पोरं फाटकावर टाळ्या वाजवायची. एका पोरानं मला सांगितलं, "मावशी, पुण्यात पण बस अशाच येतात." मला वाटलं, तिथंही बैल असतील.

मी चाबूक वापरून पाहिला. गयाबाईनं शिव्या वापरून पाहिल्या. शेवटी मॅडम एक दिवस गोठ्यात येऊन दगडावर बसल्या, बराच वेळ बैलांकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बैल बदलत नाहीत. वेळापत्रक बदलू." त्यांनी वर्गाच्या घंटेला सहाही गाड्यांची रांग एकदम सोडायला सांगितलं, आगगाडीसारखी. तास सुटला की रांग उभी. तेव्हापासून घोळ मिटला. मला ते सुचलं नव्हतं. मी बैलांनाच दोष देत बसले होते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची होती. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते, वयस्कर, सफारीतले. त्यांना बैलगाडीत बसणं कमीपणाचं वाटायचं. ते आपली बॅग माझ्या गाडीत ठेवायचे आणि स्वतः गाडीच्या बाजूनं चालायचे. फाटकापासून वर्गापर्यंत, भर उन्हात. बॅग सावलीत, साहेब उन्हात. मी एकदा म्हणाले, "सर, बॅग चालंल, तुमी बसा." ते हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यापासून गाडीचा दांडा धरून चालू लागले. त्याच्या पुढं त्यांची प्रगती झाली नाही.

एका पोरानं नवी मोटारसायकल घेतली होती. ती आवारात चालवायला बंदी. त्यानं चार मित्रांना घेऊन ती गयाबाईच्या गाडीत चढवली आणि वर बसून वसतिगृहापर्यंत आला. गयाबाईनं त्याला विचारलं, "बे, ही तुला न्यायला घेतली का तू हिला न्यायला?" तरी त्यानं रोज आणली.

पोरी एका रविवारी म्हणाल्या, आम्हाला कपिलधारला न्या, धबधबा बघायला. मी सांगितलं, धबधबा यंदा नुसता कडा आहे, पाणी नाही. त्या म्हणाल्या, कडा तर कडा. मी नेलं नाही. बैलांना एवढी चाल झेपली नसती. पाणी मोजकंच मिळायचं, सकाळी अन् संध्याकाळी, आणि दोन्ही वेळेला बैल बादलीचं तळ चाटत राहायचे.

आता टँकर. विद्यापीठात लवकरच एक समिती येणार होती, आवाराला मार्क द्यायला. धूर नसलेल्या वाहतुकीला मार्क होते, म्हणून आम्ही होतो. हिरव्या परिसरालाही मार्क होते, म्हणून संचालक साहेबांच्या बंगल्यापुढं हिरवळ होती. साऱ्या माळावर हिरवं असं तेवढंच. तिच्यासाठी रोज सकाळी टँकर यायचा. त्याची तोटी गळायची. कुणीतरी तिला चिंधी बांधली होती. आमच्या गावात असा टँकर गळाला असता तर मागं बायका कळशा घेऊन पळाल्या असत्या. इथं मागं कुणी नव्हतं. उतारावर वरपासून बंगल्याच्या फाटकापर्यंत ओली रेघ पडायची आणि ऊन वर येईपर्यंत वाळून जायची. आमची पहिली रांग तिथं पोचायची तोवर ती वाळलेली असायची.

परीक्षेच्या दिवशी रांग लवकर सोडली, टँकर उशिरा आला. रेघ ओली होती. पाखऱ्याला वास आला. त्यानं भरल्या गाडीला जुंपलेलं असताना, उतारावर, मान खाली घातली आणि रस्ता चाटायला लागला. पुढं काय झालं ते सांगितलंच आहे.

सात पोरींना खरचटलं. एकीचं मनगट मोडलं, डावं. ती उजव्या हातानं लिहायची, त्यामुळं तिला परीक्षेत काही सवलत मिळाली नाही. पाखऱ्याचा पुढचा पाय गुडघ्यातून गेला होता. हौशा त्याच्या शेजारी जू मानेवर घेऊन तिरपा उभा होता. मी जू सोडवलं.

बंगल्यात गेले तर पाच गाड्या हिरवळीवर उभ्या होत्या. बैल खात होते. दहाच्या दहा. मान वर करत नव्हते. गाड्यांत पोरं बसून होती, हातात परीक्षेची प्रवेशपत्रं. एक पोरगी पुस्तक उघडून वाचत होती. कुंड्या चाकांखाली गेल्या होत्या. प्राध्यापक सर त्या दिवशी आमच्या तिसऱ्या गाडीच्या बाजूनं चालत होते. गाडी त्यांची बॅग घेऊन आत वळली होती, म्हणून तेही बॅगेच्या मागं आत आले होते.

संचालक साहेब चहाचा कप घेऊन पायरीवर उभे होते. ते म्हणाले, "हे काय आहे?"

गयाबाई म्हणाली, "साहेब, थांबले की न्हाईत? थांबत नव्हते. आता थांबले."

खोटं नव्हतं. समोर हिरवळ नसती तर ते दहा बैल बंगल्याच्या भिंतीपर्यंत गेले असते.

परीक्षा अर्धा तास उशिरा सुरू झाली. दुपारी साहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. मॅडम होत्याच. गयाबाईला बोलावलं नव्हतं, ती आली.

साहेब म्हणाले, "उद्यापासून एकही बैलगाडी आवारात नको."

मी म्हणाले, "आन् बैल?"

"तो विद्यापीठाचा विषय नाही."

तो विषय कुणाचाच नव्हता. मला गोठा दिसत होता. अकरा बैल आणि पावसाला अजून दोन महिने. मी हात जोडले नाहीत, कारण विनंती केली की माणूस लवकर नाही म्हणतो, हे मी काट्यावर रांगेत उभी राहून शिकले आहे.

मॅडमनी विचारलं, "कौसाबाई, तो बसला कशानं? थकला होता?"

"पाणी चाटाया वाकला."

साहेब म्हणाले, "कुठलं पाणी?"

"तुमच्या टँकरचं."

मॅडम म्हणाल्या की त्या स्वतः उतारावरून चालत आल्या आहेत, रेघ फाटकापर्यंत आहे. मग शांतपणे म्हणाल्या, "सर, एका उतारावर टँकर आणि तहानलेली जनावरं दोन्ही चालणार नाहीत. एक काहीतरी बंद करावं लागेल. गाड्या बंद केल्या तर पोरं परत मोटारसायकलवर येतील आणि त्याच उतारावर पडतील. गेल्या वर्षी पडली आहेत."

"टँकर कसा बंद करणार? समिती येतेय. हिरवळीचं काय?"

गयाबाई म्हणाली, "कंची हिरवळ?"

साहेबांनी तिच्याकडं बघितलं.

"बघून या की साहेब. माझ्या बैलांनी मुळासकट खाल्ली. हायच न्हाई तिथं काई. आता टँकर आणून तुमी काय माती भिजवणार?"

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथून बंगला दिसायचा.  मला वाटलं आता पोलिसाला बोलावतात. माणूस तसा वाईट नव्हता, त्याला हिरवळ आवडायची एवढंच.

मग ते म्हणाले, "साबळे, तो टँकर कुठं रिकामा करायचा?"

"उताराच्या वरच. वसतिगृहाची टाकी आहे, आणि शेजारी हौद बांधता येईल."

"आणि तोटी?"

"आजच दुरुस्त करून घेते."

"बांधा," साहेब म्हणाले आणि आमच्याकडं न बघता कागद पुढं ओढले. गयाबाई बाहेर येऊन म्हणाली, "चहा तरी पाजायचा बाबानं." तिला कधी पुरेसं वाटलं नाही.

पाखऱ्यासाठी गावातून जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं, हा उठणार नाही. बैल उठला नाही की त्याचं पुढं काय होतं हे आम्हाला सांगावं लागत नाही. त्याला सायकलींच्या शेडमध्ये सावलीला ठेवला, कारण तिथं सायकली नव्हत्याच. पोरी मेसमधल्या पोळ्या आणायच्या. पहिल्या दिवशी त्यानं खाल्ल्या. मग नाही. हौद बांधून झाला तेव्हा मी त्यातलं पहिलं पाणी बादलीत भरून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं तोंड घातलं, प्याला. दुसऱ्या दिवशी मेला. झाडं लावायला खणलेला एक मोठा खड्डा रिकामा होता, त्यात पुरला.

आता माझी गाडी गेली होती. एका बैलाची गाडी होत नाही. मला वाटलं माझं काम संपलं. पण गाडी पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी घंटा झाली, गयाबाईनं हाक घातली, तर रांग हलेना. पुढं गाडी नव्हती. तिनं मला गोठ्यातून बोलावलं. मी हौशाला कासऱ्यानं धरून रांगेच्या पुढं उभा केला आणि चालायला लागले. गाडी नाही, जू नाही, नुसता बैल आणि मी. गयाबाईचे बैल त्याच्या मागं निघाले, बाकीचे तिच्या मागं.

उन्हाळाभर हेच माझं काम होतं. मॅडमनी वेळापत्रकात लिहिलं, पाच गाड्या आणि हौशा.

समिती आली तेव्हा त्यातल्या एका साहेबांनी मॅडमला विचारलं, "हा पुढचा बैल काय ओढतो?"

"काही नाही. पुढं चालतो."

"मग याला चारा कशाबद्दल?"

"तो नसला तर बाकीचे थांबतात."

गयाबाई माझ्या कानाशी म्हणाली, "हितल्या निम्म्या मास्तरांचं बी असंच हाय, फकस्त ते पुढं चालत न्हाईत." मी तिला गप्प केलं. मार्क किती पडले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता तिथं बॅटरीच्या गाड्या आहेत. एकेक वेगळी सुटते, एकमेकींची वाट बघत नाहीत. मॅडम बदलून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, तुमच्या बैलांमुळं मी आराखडा तीनदा बदलला. मी म्हणाले, बैलांनी एकदाही बदलला नाही. हे काम मला आवडलं होतं. उसापेक्षा पोरं हलकी असतात आणि बोलतात. मनगट मोडलेली पोरगी पास झाली आणि आता आष्टीकडं मास्तरीण आहे. तिचा हात पावसाळ्यात दुखतो.

पाऊस त्या साली उशिरा आला. आला त्या दिवशी गोठ्यात अकरा बैल उभे होते. हौशा त्यानंतर चार वर्षं जगला. गयाबाई नंतर गेली, पाखऱ्यासारखी गुडघ्यानं नाही, तापानं. माझा नवराही गेला. मी आहे.